हिशेबाच्या वहीची किल्ली : बाहेरची अ‍ॅप्स पासवर्डशिवाय कशी चालतात?



पालकसभा संपली की काही पालक जरा रेंगाळतात आणि खरे प्रश्न तेव्हा विचारतात, हा अनुभव तुम्हालाही असेल. मागच्या सभेनंतर एका बाबांनी विचारलं, "बाई, आमचा थोरला डिप्लोमाला आहे. घरखर्चाचं अ‍ॅप बनवतोय म्हणतो. त्यासाठी माझ्या नेट बँकिंगचा पासवर्ड मागतोय. देऊ का?"

उत्तर एका शब्दाचं आहे. नाही. पण तेवढं सांगून थांबलो तर त्या मुलावर अन्याय होईल, कारण तो जे करू पाहतोय त्यात काहीच वाईट नाही. दुसऱ्याने चालवलेल्या हिशेबाच्या व्यवस्थेला जोडून आपलं छोटं अ‍ॅप बनवणं हे जगभर चालतं. त्याची एक रीत आहे आणि त्या रीतीत पासवर्ड द्यावाच लागत नाही. ती रीत कशी आहे ते आज सांगते. मी काही इंजिनिअर नाही, डीएड करून चौथीला शिकवते. त्यामुळे चौथीच्या वर्गाला समजावं तसंच सांगणार आहे. चालवून घ्या.

तिसरा कोण?

आपण पहिले. आपला हिशेब जिथे ठेवलाय ती बँक किंवा वेबसाइट दुसरी. आणि त्या हिशेबावर काम करणारं, पण त्या वेबसाइटवाल्यांनी न बनवलेलं अ‍ॅप म्हणजे तिसरं. यालाच थर्ड पार्टी अ‍ॅप म्हणतात. मी आपलं सोयीसाठी 'बाहेरचं अ‍ॅप' म्हणते.

आता दूधवाल्याचं बघा. त्याला आपण घराची किल्ली देतो का? रात्री दाराच्या कडीला पिशवी अडकवून ठेवतो, पहाटे तो त्यात दूध टाकून जातो. त्याचं काम होतं, आपलंही होतं, आणि कपाटात काय आहे हे त्याला कळायची गरजच पडत नाही. बाहेरच्या अ‍ॅपसाठी अशी पिशवी अडकवायची सोय करणं, हा या सगळ्या विषयाचा गाभा आहे.

उदाहरण म्हणून मी एक अमेरिकन वेबसाइट घेतेय, कारण बाहेरच्या अ‍ॅपवाल्यांसाठीचे तिचे नियम कुणालाही वाचता येतील असे उघड लिहून ठेवलेत आणि ते बऱ्यापैकी सोपे आहेत. तिचं नाव 'यू नीड अ बजेट', थोडक्यात वायनॅब. जेसी मेकॅम नावाच्या विद्यार्थ्याने नवीन लग्न झाल्यावर खर्चाचा मेळ बसवायला एक स्प्रेडशीट बनवली आणि २००४ साली ती विकायला सुरुवात केली. त्यातून पुढे कम्प्युटरवरचा प्रोग्राम आला आणि २०१५ च्या अगदी शेवटी वेबसाइट. पद्धत मात्र आपल्याला अजिबात नवी नाही. पगार झाला की पाकिटं करायची. दुधाचं वेगळं, किराण्याचं वेगळं, फीचं वेगळं, दिवाळीचं वेगळं. माझी आई अजून लग्नपत्रिकांची जुनी पाकिटं उलटी करून त्यावर पेन्सिलीने लिहिते. वायनॅब तेच स्क्रीनवर करतं. हातात आलेल्या प्रत्येक रुपयाला खर्च होण्याआधीच एक काम नेमून द्यायचं.

मग बाहेरच्यांनी त्यात काय बनवायचं? तर प्रत्येक घराची गरज वेगळी असते आणि एकच कंपनी सगळ्यांची पुरी करू शकत नाही. एखाद्याला दुकानात शिरताना फक्त 'किराण्याच्या पाकिटात किती उरले' एवढाच आकडा फोनवर दिसायला हवा असतो. दुसऱ्याला वर्षभराचे तक्ते हवेत, तर तिसऱ्याला खोलीवर सोबत राहणाऱ्या मित्रांचा खर्च वाटून हवा. आणि आपल्याकडची अडचण म्हणजे भारतातल्या बँकांच्या नोंदी वायनॅबमध्ये आपोआप येत नाहीत. हाताने भरायच्या नाहीतर बँकेची फाइल उतरवून तिथे चढवायची. ज्याला थोडं कोडिंग येतं तो म्हणतो, रोज हे कोण करणार? तो एक छोटा प्रोग्राम लिहितो, जो स्टेटमेंट वाचून एकेक ओळ योग्य जागी नेऊन ठेवतो.

असे प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी कंपनीने २०१८ मध्ये एक अधिकृत खिडकी उघडली. तिला एपीआय म्हणतात. खिडकी हा शब्द मी मुद्दाम वापरतेय. पोस्टात आपण काउंटरच्या आत जात नाही. ठरलेला फॉर्म ठरलेल्या पद्धतीने भरून खिडकीतून देतो आणि पलीकडून ठरलेल्या नमुन्यात उत्तर येतं. आपण शिक्षकांना हे वेगळं सांगायला नको! रकाना चुकला की फॉर्म परत. यूडायस भरताना आपण किती वेळा तोंड वाकडं केलंय? एपीआयची खिडकी तितकीच कडक असते, फक्त परत का आला हे ती लगेच सांगते.

पासवर्ड देण्याचे दिवस

ही खिडकी नव्हती तेव्हा काय चालायचं, ते माहीत असलं तर तिची किंमत कळते. २००७ साली अमेरिकेत मिंट नावाची वेबसाइट आली. तुमची सगळी बँक खाती, कार्डं, कर्जं एका पानावर दाखवायची, तीही फुकट. लोकांना फार आवडली. दोनच वर्षांत इन्ट्यूट कंपनीने ती १७ कोटी डॉलरला घेतली. (मार्च २०२४ मध्ये बंदही केली, पण ती वेगळी गोष्ट.) मिंटचं काम कसं चालायचं? तुम्ही बँकेचं युजरनेम आणि पासवर्ड मिंटला द्यायचा. मग त्यांच्यामागे असलेली यंत्रणा तुमच्या नावाने बँकेच्या साइटवर लॉगिन करून पानावरचे आकडे उचलून आणायची.

यात अडचणी बघा. बँकेला वाटतं आलेत ते तुम्हीच. दार उघडल्यावर आत आलेला माणूस नुसती शिल्लक बघतोय की आणखी काही करतोय, हे बँकेला ओळखता येत नाही. पासवर्डला अर्धवट असं काही नसतं, तो दिला की सगळं दिलं. बँकेने पानाची रचना जरा बदलली की आकडे उचलणारी यंत्रणा गडबडते. आणि उद्या तुम्हाला ते अ‍ॅप नकोसं झालं तर? पासवर्डच बदलायला हवा. म्हणजे एका भाडेकरूला काढायला घराचं कुलूपच बदलण्यातला प्रकार.

पुढे प्लेड नावाची कंपनी मोठी झाली. शेकडो अ‍ॅप्सना बँकेशी जोडून देण्याचं काम ती करते. तिच्यावर तिथे खटला झाला. तक्रार अशी, की लॉगिनचं पान बँकेचंच वाटेल असं दाखवलं आणि गरजेपेक्षा जास्त माहिती घेतली. कंपनीने आरोप नाकारले, पण २०२२ मध्ये ५ कोटी ८० लाख डॉलरवर प्रकरण मिटवलं. लक्षात घ्या, यात चोरटा कुणीच नव्हता. नावाजलेली कंपनी होती आणि लोकांनी स्वतःच्या हाताने माहिती दिली होती. आपण कुणाच्या पानावर पासवर्ड टाकतोय एवढंच त्यांना नीट कळलं नव्हतं.

टोकन

आता नीट रीत. ज्यांनी जुन्या दिवसांत बँकेत पैसे काढलेत त्यांना पितळी टोकन आठवत असेल. स्लिप दिली की हातात एक नंबराचं टोकन यायचं. ते टोकन म्हणजे तुमचं खातं नव्हे आणि तुमची सहीसुद्धा नव्हे. त्या दिवशी, त्या खिडकीवर, त्या एका कामापुरतीच त्याला किंमत. बाहेरच्या अ‍ॅपला द्यायचं ते असंच टोकन, आणि त्याला कम्प्युटरवाले टोकनच म्हणतात.

स्वतःपुरता प्रोग्राम लिहिणाऱ्याला वायनॅबच्या आपल्या खात्यातूनच एक वैयक्तिक टोकन काढून घेता येतं. पण अ‍ॅप दुसऱ्यांनी वापरायचं असेल तर हे चालत नाही. लोकांना 'तुमचं टोकन काढून मला पाठवा' म्हणणं म्हणजे पुन्हा पासवर्ड मागण्यासारखंच. तिथे ओऑथ नावाची पद्धत लागते. ती अशी चालते. बनवणाऱ्याने आधी आपलं अ‍ॅप वायनॅबकडे नोंदवायचं. वापरणारा त्या अ‍ॅपमध्ये 'जोडा' हे बटण दाबतो. बटण दाबल्यावर तो थेट वायनॅबच्या स्वतःच्या पानावर जातो. पासवर्ड टाकायचा तो तिथे, बाहेरच्या अ‍ॅपला तो दिसतच नाही. मग वायनॅब विचारतं, अमुक अ‍ॅप तुमच्या हिशेबापर्यंत पोहोचू मागतंय, देऊ का? 'हो' म्हटलं की वापरणारा परत अ‍ॅपमध्ये येतो आणि अ‍ॅपच्या हातात टोकन पडतं. हे टोकन दोन तासच चालतं. पुढे काम चालू ठेवायचं तर अ‍ॅपला नवं टोकन मिळवावं लागतं. आणि वापरणाऱ्याला नको झालं तर तो वायनॅबच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या एकाच अ‍ॅपची परवानगी काढून टाकतो. पासवर्ड तोच राहतो आणि बाकीची अ‍ॅप्सही चालू राहतात. भाडेकरू गेला, कुलूप शाबूत.

अ‍ॅप बनवणाऱ्याला 'फक्त वाचू द्या' एवढीच परवानगी मागायचीही सोय आहे. तक्ते दाखवणाऱ्या अ‍ॅपला नोंदी बदलायचं काय काम? तिथे वाचायचीच परवानगी मागितली पाहिजे. माझ्या मते मात्र वायनॅबची रीत इथे जरा अपुरी पडते. 'वाच' किंवा 'वाच आणि लिही', एवढेच दोन प्रकार. 'फक्त किराण्याचं पाकीट दाखव, औषधांचं नको' असं सांगता येत नाही. कुणाच्या खर्चात औषधं किती आणि कोणाला किती पैसे पाठवले हे सगळं वाचायला मिळणं, हीसुद्धा थोडीथोडकी गोष्ट नाही.

तुम्ही म्हणाल, हे सगळं परदेशातलं. पण आपण यातलंच एक रोज करतो. यूपीआयवर फोनपे किंवा गुगल पे वापरताना ते बाहेरचंच अ‍ॅप असतं. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयच्या भाषेत त्यांचं नावच 'थर्ड पार्टी अ‍ॅप्लिकेशन प्रोव्हायडर' आहे. पिन टाकायची वेळ येते तेव्हा स्क्रीन जरा वेगळी दिसू लागते, पाहिलंय का? पिनचा तो कप्पा अ‍ॅपवाल्यांचा नसतो, एनपीसीआयने दिलेला असतो. पिन तिथेच कुलूपबंद होऊन बँकेकडे जातो आणि अ‍ॅपला तो वाचता येत नाही. भाजीवाल्याकडे दहा रुपये देताना आपण ही सगळी रीत पाळून मोकळे होतो.

पैसे मोजायची गंमत

हा भाग खास आपल्या गणितवाल्यांसाठी. वायनॅबच्या खिडकीतून रक्कम बाहेर येते ती रुपयांत नाही, डॉलरमध्येही नाही. ती येते मिलीयुनिटमध्ये. एक रुपया म्हणजे १००० मिलीयुनिट. तुम्ही २४५ रुपये ५० पैशांचा किराणा आणला असेल तर अ‍ॅपला दिसतं उणे २४५५००. खर्च म्हणून उणे, जमा असेल तर अधिक. पहिल्यांदा बघणारा मुलगा घाबरतो, अडीच लाखांचा किराणा!

एवढा उपद्व्याप कशाला? कारण कम्प्युटरला दशांश अपूर्णांक नीट झेपत नाहीत. खोटं वाटत असेल तर घरातल्या कोडिंग शिकणाऱ्या मुलाला पायथॉनमध्ये ०.१ + ०.२ करायला सांगा. उत्तर ०.३ येत नाही. ०.३ नंतर पंधरा शून्यं आणि मग एक ४ येतो. आपण मुलांना शिकवतो ना, की एक तृतीयांश दशांशात लिहायला गेलं की ०.३३३… संपतच नाही? कम्प्युटर शून्य आणि एक या दोनच अंकांत मोजतो, आणि त्याच्या मोजणीत एक दशांशसुद्धा असाच न संपणारा असतो. कुठेतरी तोडावा लागतो आणि तोडला की कण उरतो. एका बेरजेत तो कण दिसत नाही. वर्षभराच्या हजारो नोंदी झाल्या की ताळेबंदात पैशाचा फरक निघू शकतो, आणि हिशेबात एका पैशाचा फरकही डोकं उठवतो हे शाळेचं कॅशबुक लिहिणाऱ्याला विचारा. म्हणून अपूर्णांकच नको, सगळं पूर्णांकात. पूर्णांकांची बेरीज कम्प्युटर चोख करतो.

मग १०० ऐवजी १००० का? आपल्या रुपयाचे पैसे १००, डॉलरचे सेंट १००. पण सगळीकडे तसं नाही. कुवेतच्या दिनारचे फिल्स १००० असतात. आखाती देशात नोकरी करणाऱ्या आपल्या माणसांना हे माहीत आहे. जगातल्या वेगवेगळ्या चलनांना एकच माप पुरावं म्हणून १०००.

दुसरी गंमत नोंदी दोनदा होण्याची. समजा आपला प्रोग्राम बँकेचं स्टेटमेंट वाचून ओळी भरतोय. सोमवारी चालवला, मंगळवारी पुन्हा चालवला. सोमवारच्या ओळी मंगळवारच्या फाइलमध्येही असणारच. मग त्या दोनदा भरल्या जायच्या? यावर उपाय म्हणून प्रत्येक नोंदीला एक ओळखक्रमांक देता येतो. त्या खात्यात तोच क्रमांक आधी आला असेल तर वायनॅब दुसऱ्यांदा नोंद घेत नाही. क्रमांक बनवायचा कसा? सोपी युक्ती म्हणजे रक्कम आणि तारीख जोडायची. पण थांबा. एकाच दिवशी टपरीवर दोनदा वीस-वीस रुपयांचा चहा घेतला तर? तारीख तीच, रक्कम तीच, आणि दुसरा चहा हिशेबातून गायब! म्हणून तिसरा आकडा जोडतात. त्या दिवशी ती रक्कम कितव्यांदा आली, पहिल्यांदा की दुसऱ्यांदा. आता दोन्ही चहा सुरक्षित. मला हे वाचून हजेरीपटावरच्या एकाच नावाच्या दोन मुली आठवल्या. एकीला आपण 'मोठी' म्हणतो आणि दुसरीला 'छोटी', तेच हे.

तारखेचीही एक खोच आहे. ही व्यवस्था जागतिक वेळ धरून चालते आणि आपण त्या वेळेच्या साडेपाच तास पुढे. बनवणाऱ्याने लक्ष दिलं नाही तर पहाटे पाचला घेतलेल्या एसटीच्या तिकिटावर कालची तारीख पडेल. महिन्याच्या एक तारखेला असं झालं की खर्च मागच्या महिन्यात जाऊन बसतो आणि मग त्या महिन्याचं पाकीट का फाटलं ते शोधत बसा.

खिडकीवर गर्दी करायचीही मुभा नाही. एका टोकनवर तासाला २०० विनंत्या, त्यापुढे नकार. (वर्गात तासाला दोनशे वेळा 'बाई, पाणी पिऊन येऊ?' ऐकणाऱ्यांना ही मर्यादा उदार वाटेल.) म्हणून शहाणा प्रोग्राम दरवेळी सगळी वही मागत नाही. 'मागच्या वेळेनंतर जे बदललं तेवढंच द्या' असं मागतो. त्याचीही सोय केलेली आहे.

नियम बनवणाऱ्यांसाठी

नवं अ‍ॅप सुरुवातीला २५ परवानग्यांपुरतंच चालतं. त्यापुढे जायचं तर कंपनी ते तपासते. माहितीचं काय करणार हे सांगणारं धोरण अ‍ॅपने लोकांना दाखवावं लागतं. वापरणाऱ्याचे बँकेचे पासवर्ड मागायचे नाहीत, हाताळायचे नाहीत, साठवायचे नाहीत. आणि नावात वायनॅब असं नुसतं घालता येत नाही, आधी 'फॉर' लावून 'अमुक फॉर वायनॅब' असं लिहावं लागतं. शेवटचा नियम क्षुल्लक वाटतो. पण नावावरूनच माणूस समजतो की हे कंपनीचं स्वतःचं, की बाहेरच्याचं.

आपल्याकडे काय?

आता मूळ प्रश्नाकडे, कारण त्या बाबांचं खातं वायनॅबमध्ये नाही, आपल्या बँकेत आहे.

आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१६ मध्ये अकाउंट अ‍ॅग्रिगेटर नावाच्या कंपन्यांसाठी नियम काढले आणि सप्टेंबर २०२१ मध्ये आठ बँकांसह ही व्यवस्था लोकांसाठी सुरू झाली. हा अ‍ॅग्रिगेटर म्हणजे फक्त निरोप्या. एका टोकाला तुमची माहिती असलेली बँक, दुसऱ्या टोकाला ती मागणारी संस्था आणि मध्ये हा. पाकीट बंद असतं, त्याला ते उघडून वाचता येत नाही आणि साठवताही येत नाही. पैसे इकडचे तिकडे करण्याचं काम तर तो करूच शकत नाही. तुम्ही जी संमती देता तिच्यात लिहिलेलं असतं, कशासाठी हवी, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंतची माहिती, किती वेळा घेणार, कधीपर्यंत ठेवणार. कोणती खाती दाखवायची ते आपण निवडतो आणि संमती पुढे मागेही घेता येते. वायनॅबबद्दल मी वर जी कुरकुर केली, तिचं बरंचसं उत्तर आपल्या या व्यवस्थेत आहे. मला याचा अभिमान वाटतो, खरंच.

पण एक खोट आहे. या व्यवस्थेतून माहिती मागू शकतात फक्त रिझर्व्ह बँक, सेबी, विमा किंवा पेन्शन नियामकांच्या देखरेखीखालच्या संस्था. डिप्लोमाचा मुलगा घरबसल्या तिथे उभा राहू शकत नाही. लोकांच्या पैशाची माहिती म्हटल्यावर हा नियम मला पटतो, पण त्यामुळे शिकणाऱ्या पोरांना अधिकृत खिडकीच नाही हेही खरं. मग ती दोन वाटा शोधतात. पासवर्ड, नाहीतर एसएमएस.

पासवर्डचं आधी सांगते. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक आहे. खात्यातून परस्पर पैसे गेले तर नुकसान कुणी सोसायचं याबद्दलचं. त्यात म्हटलंय, की ग्राहकाने स्वतःच पासवर्डसारखी माहिती दुसऱ्याला दिली असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान ग्राहकाचं. 'मुलाला दिला होता' ही सबब तिथे चालत नाही. मुलगा कितीही गुणी असला तरी त्याच्या लॅपटॉपवरच्या एका फाइलमध्ये तो पासवर्ड पडून राहणार, हा खरा धोका.

एसएमएसची वाट दिसायला निरुपद्रवी आहे. बँकेचे मेसेज वाचून खर्च मांडणारी अ‍ॅप्स आपल्याकडे पुष्कळ आली. गुगलनेही प्ले स्टोअरवर मेसेज वाचण्याच्या परवानगीवर कडक बंधनं घातली, तेव्हा पैशांचा हिशेब मांडणाऱ्या अ‍ॅप्सना त्यात सूट ठेवली. पण विचार करा, त्याच पेटीत ओटीपी येतात. एकदा परवानगी दिली की अ‍ॅप फक्त बँकेचेच मेसेज वाचेल हे त्याच्या शब्दावर सोडावं लागतं. म्हणजे दूधवाला पुन्हा घरात आला, फक्त स्वयंपाकघरापर्यंतच जाईन म्हणतोय.

आणि झटपट कर्ज देणारी अ‍ॅप्स. फोनमधले नंबर उचलून नातेवाइकांना फोन करून धमकावणं, हे आपल्या गावागावांत घडलेलं आहे, नव्याने सांगायला नको. त्यानंतर सप्टेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने डिजिटल कर्जांसाठी नियम काढले. अशा अ‍ॅपने फोनमधल्या फाइली, फोटो, नंबरांची यादी, कॉलची नोंद यांना हात लावायचा नाही. कॅमेरा, माइक किंवा ठिकाण फक्त सुरुवातीच्या ओळखतपासणीपुरतं एकदा, तेही संमती घेऊन. तेव्हा कर्जाचं एखादं अ‍ॅप तुमचे कॉन्टॅक्ट मागत असेल तर ते नियमाबाहेर वागतंय, त्याला आपल्याकडे शंका विचारायची गरज नाही. काढून टाका. फोनच्या सेटिंगमध्ये परवानग्यांची यादी असते. त्यात 'एसएमएस' उघडून कोणकोणती अ‍ॅप्स बसलीत ते आज एकदा बघाच.

आता त्या मुलाने काय करावं? त्याच्या बाबांना मी सांगितलं ते असं. बाबांनी स्वतः लॉगिन करून तीन महिन्यांचं स्टेटमेंट एक्सेल किंवा सीएसव्ही फाइलमध्ये उतरवावं. खाते क्रमांक आणि माणसांची नावं खोडून किंवा बदलून ती फाइल मुलाला द्यावी. अ‍ॅप बनवायला शिकण्यासाठी एवढं पुरतं. पाकिटं पाडायची, ओळी वाटायच्या, दुसरा चहा हरवू द्यायचा नाही, एक तारखेची पहाट सांभाळायची, रुपये हजाराने गुणून पूर्णांकात ठेवायचे, सगळं या फाइलवर करून बघता येतं. खिडकीशी बोलायचा सराव हवाच असेल तर वायनॅबचं चाचणीपुरतं मोफत खातं उघडून, मनाने रचलेले आकडे भरून, त्याचं टोकन काढून करता येईल. फक्त ते टोकन कोडच्या ओळींत लिहून ठेवायचं नाही. पोरं उत्साहाने कोड गिटहबवर टाकतात, नाहीतर 'चालत नाहीये, बघ ना' म्हणून वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर स्क्रीनशॉट पाठवतात, आणि टोकन सगळ्यांच्या हातात जातं. ते वेगळ्या फाइलमध्ये ठेवायचं आणि ती फाइल कुठेच चढवायची नाही. चुकून गेलंच तर खात्यात जाऊन ते रद्द करायचं आणि नवं काढायचं. इथे पासवर्डपेक्षा टोकन का बरं, ते मुलाला आपोआप कळेल.

चहाच्या दोन नोंदींचं कोडं मी चौथीच्या वर्गात घेतलं. ओळखक्रमांक कसा बनवाल, एवढंच विचारलं आणि फळ्यावर पाच नोंदी लिहिल्या. एका मुलीने 'कितवा' ऐवजी 'किती वाजता' जोडूया असं सुचवलं. मग दुसरा म्हणाला, "बाई, बँकेच्या कागदावर वेळ नसली तर?" तास तिथेच संपला. ती कृतिपत्रिका पुढच्या आठवड्यात इथे टाकते.